किल्ली कोणी दिली होती?

पत्राचा सारांश: रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, किनाऱ्यावरच्या गावात राहणाऱ्या ४८ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव अर्थातच वगळलंय. त्यांच्या कुंपणाला लागून अण्णांचं चिऱ्याचं कौलारू घर आहे, मागे १२ गुंठ्यांची वाडी. २०१० च्या मे महिन्यात अण्णा आणि काकू मुलीकडे ठाण्याला कायमचे गेले. जाताना किल्ली या ताईंच्या सासऱ्यांच्या हातात दिली. २०१६ मध्ये अण्णा गेले, वर्षभरात काकूही गेल्या. थोरला मुलगा कॅनडात आहे. धाकटा वारला, त्याची बायको आणि मुलगी पुण्यात असतात. काकूंच्या वर्षश्राद्धानंतर गावात कोणी फिरकलेलं नाही. घरपट्टी ताईंचे यजमान भरतात, पावती अजून अण्णांच्या नावाने निघते. दर मेमध्ये कौलं परतून घेतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात अर्धं छप्पर उडालं, तेव्हा यांनी पदरचे ₹१,८०,००० घालून ते उभं केलं. कॅनडातला मुलगा फोनवर ‘बघू या’ म्हणाला, पुढे काही झालं नाही. आता ताईंच्या मुलाला तिथे होमस्टे काढायचा आहे. दीर म्हणतात, ‘१२ वर्षं झाली की घर आपलं, सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय.’ ग्रामपंचायतीत नाव लावून देणारा माणूसही भेटला आहे. ताई विचारतात, ‘ज्यांना घर नकोच आहे त्यांचं घर आम्ही घेतलं तर त्यात पाप काय? कायद्याने मिळत असेल तर का सोडायचं? माजघरात अण्णा-काकूंचा फोटो अजून लावलेला आहे. परवा मुलाने विचारलं, आई, हा उतरवू का? तेव्हापासून मला झोप नाही. आणि यंदा कौलं परतायची की नाहीत, तेही सांगा.’

ताई,

माझे वडील तालुक्याच्या कचेरीबाहेर बाँड रायटर होते. पिंपळाखाली टेबल, टेबलावर टाइपरायटर, वारा आला की कागदांवर ठेवायला एक गुळगुळीत धोंडा. ‘आमची वहिवाट आहे, तसं प्रतिज्ञापत्र करून द्या’ म्हणत येणारी माणसं मी लहानपणी खूप पाहिली. वडील दोन कागदांमध्ये कार्बन घालता घालता एवढंच विचारायचे, ‘किल्ली कोणी दिली होती?’ समोरच्याने कुणाचं नाव घेतलं की कार्बन निमूट बाहेर काढायचे. ‘मग वहिवाट त्याची. तू राखणदार.’ माणूस चिडून पलीकडच्या टेबलावर जायचा. तिथे त्याला हवं ते टाइप करून मिळायचंही, ते सोडा.

तुमच्या पत्रात ते नाव सुरुवातीलाच आहे. किल्ली अण्णांनी दिली.

तुमच्या दिरांनी ऐकलंय ते खोटं नाही, अर्धं आहे. आणि जमिनीच्या कामात अर्धवट ऐकलेलं फार महागात पडतं. १९६३ च्या लिमिटेशन ॲक्टमध्ये, म्हणजे मुदतीच्या कायद्यात, अनुच्छेद ६५ आहे. मालकाला आपल्या मालकीच्या जोरावर ताबा परत मागायचा असेल तर त्याने १२ वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे. नाही लावला तर कलम २७ प्रमाणे नुसता दावा बुडत नाही, त्याचा हक्कच संपतो. सरकारी जागा असेल तर मुदत ३० वर्षांची. पूर्वी असं मानलं जात होतं की कब्जेदाराला ही गोष्ट फक्त बचावासाठी वापरता येते: मालकाने खटला भरला तरच त्याने हे म्हणायचं, आपण होऊन कोर्टात जाऊन ‘मला मालक ठरवा’ म्हणायचं नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलंही होतं. ७ ऑगस्ट २०१९ ला रवींदर कौर ग्रेवाल खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ते बदललं आणि कब्जेदारही दावा लावू शकतो असं ठरवलं. ती बातमी मोबाइलवरून फिरत फिरत गावोगाव पोचेपर्यंत ‘१२ वर्षं राहा, मालक व्हा’ अशी झाली. मला तेव्हा भाडेकरूंचीसुद्धा पत्रं आली होती!

खरी मेख ‘१२ वर्षं’ या शब्दांत नाहीच, ती १२ वर्षं कुठल्या दिवसापासून मोजायची यात आहे. अनुच्छेद ६५ म्हणतो, ताबा मालकाच्या विरोधात गेला त्या दिवसापासून. कोर्टाच्या भाषेत याला प्रतिकूल कब्जा म्हणतात. तो उघड हवा, सलग हवा, आणि ‘हे घर तुझं नाही, माझं आहे’ अशा उघड भूमिकेतून मालकाच्या समोर घेतलेला हवा. २००४ च्या कर्नाटक वक्फ बोर्डाच्या निकालात तर यादीच दिली आहे: ताबा कोणत्या तारखेला घेतला, कशा स्वरूपाचा होता, मालकाला ते ठाऊक होतं का, किती काळ चालला, हे सगळं दावेदाराने स्वतः मांडायचं आणि सिद्ध करायचं. मालकाच्या परवानगीने आत शिरलेला माणूस १५ वर्षं राहो की ५०, त्याचं घड्याळ सुरूच होत नाही.

याचं अगदी जवळचं उदाहरण गोव्यातलं आहे. बहिणीचं घर, सांभाळायला भाऊ. पुढे ताब्यावरून दोघं कोर्टात गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. मार्च २०१२ मध्ये निकाल लागला. राखणदार, नोकर किंवा काळजीवाहू माणूस कितीही वर्षं राहिला तरी त्याला त्या घरात हक्क मिळत नाही, त्याचा ताबा हा मालकाच्याच वतीने असतो, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. आज तुमच्यासारख्याच्या विरोधात कोणताही वकील पहिल्यांदा हाच निकाल काढून दाखवील.

‘पण अण्णा तर गेले, मग परवानगी कुठे उरली?’ असं दीर विचारतील. देणारा गेल्याने परवानगी संपू शकते, पण ती संपली म्हणून तुमचा ताबा आपोआप शत्रूचा होत नाही. वारसांना तुम्ही कधी सांगितलंत का, की आजपासून हे घर आमचं, तुमचा संबंध नाही? उलट २०२० मध्ये छप्पर उडाल्यावर तुम्ही कॅनडाला फोन केलात. का केलात? घर त्यांचं आहे म्हणूनच ना. घरपट्टीची प्रत्येक पावती अण्णांच्या नावाची आहे. तुम्ही त्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्यात, पुरावा म्हणून. पुरावा आहेच त्या. फक्त तुमच्या बाजूचा नाही.

आता कायदा घटकाभर बाजूला ठेवू. समजा, एखाद्या वकिलाने दावा घेतलाच. त्यात काय लिहावं लागेल ते डोळ्यांसमोर आणा. किल्ली अण्णांनी दिली हे लिहून चालणार नाही, कारण तिथेच दावा पडतो. मग लिहावं लागेल की २०१० मध्ये तुमच्या सासऱ्यांनी शेजाऱ्याचं घर बळकावलं. काकूंच्या देवापुढे तुम्ही दिवा लावत होतात तो मालकी गाजवायला, मे महिन्याच्या उन्हात छपरावर चढून कौलं परतलीत ती अण्णांना हुसकावण्यासाठी. आणि हे शपथेवर. सासरे आज नसतील तर त्यांच्या वतीने तुम्ही सांगायचं की ते विश्वासातले शेजारी नव्हते, कब्जा करणारे होते. ताई, तुम्ही पाप-पुण्याचं विचारलंत, म्हणून सांगते: मला यातलं सगळ्यात वाईट हे वाटतं. घर मिळवायचं तर १५ वर्षांचा शेजारधर्म खोटा होता असं तुम्हालाच सिद्ध करायचं आहे.

आपल्याकडे हा विचार काही इंग्रजांनी आणलेला नाही. याज्ञवल्क्य स्मृतीत सांगितलं आहे की आपली जमीन दुसरा भोगतोय हे पाहूनही जो २० वर्षं काही बोलत नाही, त्याचं नुकसान होतं. पण लगेच पुढच्या श्लोकात अपवाद आहेत, आणि त्यांत गहाण टाकलेली वस्तू येते, अज्ञान मुलाचं धन येतं, आणि विश्वासाने सांभाळायला दिलेली ठेवही येते. ठेव कितीही वर्षं पडून राहिली तरी ती ठेवच. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत पहिल्या श्लोकाचा अर्थ आणखी सौम्य केला: मालकाचं जातं ते मधल्या वर्षांचं उत्पन्न, जमीन जात नाही. हा उत्पन्नाचा मुद्दा लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

तुम्ही लिहिलंय, ‘ज्यांना घर नकोच आहे.’ हे तुम्हाला कोणी सांगितलं? न येणं आणि नको असणं, यात कोकणात तरी फार अंतर आहे. आपल्याकडची अर्धी बंद घरं कुणाला नको आहेत म्हणून बंद नाहीत. भावाभावांत वाटणी झालेली नाही, सातबाऱ्यावर आजोबांपासूनची नावं आहेत, एकाने कुलूप काढलं तर दुसऱ्याला संशय येतो, म्हणून ती बंद आहेत. भाड्याने द्यावं तर भीती. एक तर कूळकायद्याची आठवण अजून जित्ती आहे. १९५७ च्या १ एप्रिलला कसणारा मालक झाला, तेव्हापासून ‘कुणाला आत घेऊ नकोस, कूळ लागेल’ हे प्रत्येक पिढी पुढच्या पिढीला सांगत आली. त्यात मुंबईत १ फेब्रुवारी १९७३ ला लायसन्सवर राहणारे एका झटक्यात संरक्षित भाडेकरू ठरले, त्याची दहशत वेगळी. शेतजमिनीचं कूळ आणि घरात ठेवलेला माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण भीती कलमं वाचून थोडीच लागते. थोडक्यात, तुमच्यासारख्या माणसांवर विश्वास टाकून किल्ली देणारे अण्णा त्या मानाने विरळाच. अशा चार किल्ल्या परत आल्या नाहीत की पाचव्या घराला थेट कुलूप लागतं आणि आत वाळवी.

आणि पुढच्या पिढीलाही एकदम ‘नकोय’ म्हणू नका. मुलगी आई-वडिलांमागे माहेरच्या दारात एकटी येऊन उभी राहायला कचरत असेल. धाकट्या सुनेला तर तिथे आपलं काही आहे हेच कदाचित कोणी सांगितलं नसेल. आहे बरं का! मुलगा, मुलगी, आणि वारलेल्या मुलाची बायको व मुलगी, हे चौघंही वारस. ‘मुलीचं लग्न झालंय, तिचं काय’ हे वाक्य तुमच्या घरात कोणी काढलं तर तिथेच थांबवा.

बरं, खरोखर कोणीच वारस नसता तरी घर शेजाऱ्याला गेलं नसतं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २९ प्रमाणे बेवारस मालमत्ता सरकारजमा होते. मग १२ ऐवजी ३० वर्षांचं गणित आलं.

एवढं बोलल्यावर तुम्हाला वाटेल, बाई मालकांच्या बाजूची आहे. तसं नाही. या कायद्याची निंदा खूप होते. २००८ मध्ये गुजरातच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं की हा कायदा अप्रामाणिक कब्जेदाराला बक्षीस देतो, सरकारने त्याचा फेरविचार करावा. केंद्रीय विधी आयोगाने २०२३ च्या मे महिन्यात २८० वा अहवाल दिला आणि बदलाची गरज नाही असं सांगितलं. मला आयोगाचं पटतं. कारण हा कायदा नसेल तर मरतात ती वेगळी माणसं. आजोबांनी ५० वर्षांपूर्वी पैसे मोजून साध्या कागदावर जागा घेतली, दस्त नोंदवलाच नाही, तीन पिढ्या तिथे उघडपणे मालक म्हणून राहिल्या. आता विकणाऱ्याचा नातू जुना सातबारा घेऊन दारात उभा राहतो. किंवा तोंडी वाटणी होऊन गडगा घातला गेला आणि ४० वर्षांनी मोजणीत कळलं की तो आठ हात सरकला आहे. अशांना आधार हवाच. तिथे किल्ली कोणी दिलेली नसते, माणूस पहिल्या दिवसापासून आपलं म्हणूनच राहिलेला असतो. तुमच्या दिरांनी ज्या निकालाचा आधार घेतला, तो या माणसांच्या कामाचा आहे. (सामाईक घरात राहणाऱ्या भावाने मात्र उड्या मारू नयेत. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांचा ताबा धरला जातो. इतरांना उघडपणे बाहेर काढल्याचं सिद्ध केल्याशिवाय १२ काय, ३० वर्षांनीही काही होत नाही.)

इंग्लंडमधले लोक या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे निघाले. तिथे २००२ च्या कायद्यानंतर, नोंदणी झालेल्या जागेवर १० वर्षं कब्जा असलेल्याने अर्ज केला की नोंदणी खातं आधी मालकालाच कळवतं. त्याने विरोध केला की बहुतेक अर्ज तिथेच निकालात निघतात. रिकाम्या राहत्या घरात शिरून मुक्काम ठोकणं तर २०१२ पासून तिथे फौजदारी गुन्हा आहे. आपल्या कायद्यात मालकाला कळवण्याची अशी पायरी नाही. म्हणून ती तुम्ही स्वतःच चढा असं मी सुचवणार आहे.

त्याआधी ग्रामपंचायतीतल्या त्या ‘ओळखीच्या माणसा’विषयी. नमुना ८ च्या, म्हणजे घरपट्टीच्या रजिस्टरच्या, उताऱ्यात मालकाचा रकाना वेगळा आणि भोगवटादाराचा वेगळा असतो. तुम्ही घर वापरता हे वारसांच्या संमतीपत्रासह कळवून भोगवटादार म्हणून नाव लावलं तर त्यात गैर काही नाही. पण हा माणूस मालकाच्या रकान्यात नाव घालतो म्हणतोय. त्याने मालकी येत नाही. घरपट्टीचं रजिस्टर कर वसुलीसाठी असतं, कोर्ट ते मालकीचा पुरावा मानत नाही. सातबाऱ्यावरच्या नोंदीचंही तेच. वर खोटी कागदपत्रं जोडली असतील तर फौजदारी गुन्हा, आणि तो माणूस तेव्हा ओळख दाखवणार नाही. गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन आता मिळकत पत्रिका निघतायत. तुमच्या गावात चौकशी सुरू झाली असेल किंवा होईल. त्या वेळी ‘नाव घुसवून घ्या’ म्हणणारे आणखी भेटतील. तिथे अण्णांच्या वारसांची नावं लागतील हे पाहणं, हे खरं तर राखणदाराचं काम आहे.

आता पैसे. तुमचे ₹१,८०,००० गेले आणि ‘बघू या’ या दोन शब्दांवर तुमची बोळवण झाली. राग येणारच. या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी घराचा लोभ कमी आणि हा राग जास्त आहे, असं मला पत्र दुसऱ्यांदा वाचताना वाटलं. छप्पर घातलं नसतं तर पुढच्या पावसात भिंती बसल्या असत्या. आज त्या घराला जी किंमत आहे ती तुमच्यामुळे आहे. हे पैसे मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि तो मागायला लाजू नका.

पण एक गोष्ट तुमच्या चार पानी पत्रात कुठेच नाही. १२ गुंठ्यांच्या वाडीतली सुपारी कोण उतरवतं? नारळ कोण घेतं? अण्णांच्या अंगणात सुपारी वाळत घालता असं तुम्हीच एका ओळीत लिहून गेलात. निसर्ग वादळात पोफळी मोडल्या असतील, त्यानंतरची काही वर्षं हाती फारसं लागलं नसेल, हे मी समजू शकते. त्याच्या आधीची १० वर्षं? शिंपणं, झाडणीची मजुरी, खत, सगळं वजा करा आणि उरेल ते मांडा. वहीचं एक पान घ्या, डाव्या बाजूला छप्पर, घरपट्टी, दरवर्षीची कौलं, उजव्या बाजूला सुपारी आणि नारळ. अंदाजाने का होईना, पण खरं लिहा. आकडा तुमच्या बाजूने निघाला तर तो घेऊन तुम्ही ताठ मानेने बोलू शकाल. उलटा निघाला, तर निदान त्या आकड्यावरून कोर्टात तुमची उलटतपासणी होण्याआधी तुम्हाला तो कळलेला असेल.

एखादा वकील तुम्हाला आणखी एक वाट दाखवील: परवानगीवर असलेल्याने मालकाच्या भरवशावर कायमस्वरूपी बांधकाम केलं असेल तर १८८२ च्या ईझमेंट कायद्याच्या कलम ६० प्रमाणे त्याला सहज बाहेर काढता येत नाही. उडालेलं छप्पर परत बसवणं ही दुरुस्ती आहे. त्यावर फार भिस्त ठेवू नका.

मग काय करायचं? ठाण्याच्या मुलीला गाठा. कॅनडाला नको, आधी ठाण्याला. आणि सुरुवात त्या फोटोपासून करा, तो तुम्हाला झोपू देत नाहीये ना? फोनवर बोला, पण मागोमाग लेखीही पाठवा, व्हॉट्सॲपवर चालेल. साधारण असं: ‘ताई, २०१० मध्ये अण्णांनी दिलेली किल्ली आमच्याकडे आहे. घर चांगलं आहे, वादळानंतर छप्पर नवं केलं, त्याच्या पावत्या सोबत पाठवते. वाडीचं उत्पन्न आम्ही घेत आलो, त्याचा हिशेबही सोबत आहे. अण्णा-काकूंचा मोठा फोटो माजघरात आहे, तुम्हाला हवा असेल तर कळवा. घराचं पुढे काय करायचं ते तुम्ही चौघांनी ठरवा. विकायचं झालं तर पहिल्यांदा आम्हाला विचारा. तोवर मुलाला तिथे पाहुणे ठेवायचे आहेत, त्याबद्दल बोलू या का?’

हे पाठवलंत की प्रतिकूल कब्ज्याचा उरलासुरला दावाही संपेल. दीर ओरडतील. ओरडू द्या. दुसरा रस्ता काय आहे? आज कुलूप बदलून वारसांना ‘घर आमचं’ म्हणून कळवायचं, आणि मग पुढची १२ वर्षं त्यांनी गप्प बसण्याची वाट पाहायची. ते पुढच्या महिन्यात दावा लावतील, तुमचा मुलगा होमस्टेऐवजी तारखांना जाईल आणि पोफळीच्या वाडीवर कोर्टाने नेमलेला रिसीव्हर बसायची वेळ येईल.

त्यांनी विकायची तयारी दाखवली तर तुमच्याइतका सोयीचा गिऱ्हाईक त्यांना कोणी नाही. तुम्ही शेतकरी खातेदार आहात, वाडी घ्यायला अडचण नाही, दलालीही वाचते. छपराचे पैसे किमतीतून वळते करा. पण चौघांच्या सह्या हव्यात. कॅनडातल्या मुलाला यायला नको, तो तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र करून पाठवू शकतो; ते इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्यायचा. कोणी म्हणेल, मुखत्यारपत्रावरच व्यवहार उरकू, खरेदीखत कशाला? ते अजिबात करू नका. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी येत नाही. आधी वारस नोंद, मग नोंदवलेलं खरेदीखत, त्याआधी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. वेळ लागेल. लागू दे.

विकायचं नसेल तर लिव्ह अँड लायसन्सचा नोंदवलेला करार करा, पाचेक वर्षांचा. त्यात होमस्टेची परवानगी स्पष्ट लिहून घ्या, कोणती दुरुस्ती कोणी करायची ते लिहा, केलेला खर्च भाड्यातून कसा फिटणार ते लिहा. मुलाला सांगा, घराच्या कागदाशिवाय पर्यटन खात्याची नोंदणी आणि बँकेचं कर्ज, दोन्ही अडेल. समुद्र इतका जवळ आहे म्हणजे सीआरझेडही, किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध, आलं, तेव्हा नवीन खोल्या काढायच्या गोष्टी आताच नकोत.

आणि त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही, पुन्हा ‘बघू या’च म्हटलं तर? मग स्पीड पोस्टाने चौघांना पत्र टाका की अमुक तारखेनंतर आम्ही घरावर खर्च करणार नाही, किल्ली कोणाकडे द्यायची ते कळवा. किल्ली परत करणं हाही एक मार्ग आहे, ताई. तुमच्या पत्रात तो नव्हता. १५ वर्षं दुसऱ्याचं घर फुकट सांभाळण्याची शिक्षा तुम्हाला कोणी दिलेली नाही.

हे वाचणाऱ्यांत अण्णांची मुलंही असतील, म्हणजे त्यांच्यासारखी. गावचं घर बंद करून आलेल्यांनो, किल्ली दिलीत तेव्हा एक ओळ लिहून दिली होती का? नसेल तर आता द्या: सांभाळण्यासाठी किल्ली दिली आहे, इतकंच, तारीख आणि दोघांच्या सह्या. घरपट्टी तुम्ही भरा, आता ती ऑनलाइनही भरता येते. वर्षातून एकदा जा, गणपतीला नाही जमलं तर शिमग्याला जा. वडील गेल्यावर वारस नोंद करायला १० वर्षं लावू नका. आणि वादळात छप्पर उडाल्याचा फोन शेजाऱ्याने केला, तर ‘बघू या’ म्हणून फोन ठेवू नका. तिकडे कोणीतरी भर पावसात ताडपत्री धरून उभं असतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. हो, यंदा कौलं परता. मे उजाडला की कारागीर मिळत नाहीत, तेव्हा एप्रिलच्या शेवटालाच बोलावून घ्या. फक्त या वेळी किती खर्च येईल ते आधी ठाण्याला कळवा, फुटक्या कौलांचे फोटो पाठवा, ‘करू का’ असं विचारा आणि पावती अण्णांच्या वारसांच्या नावाने घ्या. पश्चिमेकडच्या उतारावरचे वाशे वादळानंतर बदलले होतेत की नुसते कौलांखाली झाकले गेलेत, तेही कारागीर वर चढला आहे तोवर त्याच्याकडून बघून घ्या.